उन्हात घातलेल्या गाद्या

तोकुजिरोने शिंक गिळली. अशी काही गिळली, की शेजारच्या गादीवर झोपलेल्या मित्सुएला वाटलं, आपला नवरा आटोपला.

"अहो! काय झालं?"

"काही नाही. झोप तू."

"कशी झोपू? आत्ता बेडकासारखे फुगला होतात तुम्ही."

"धूळ आहे गं. गादीत धूळ आहे," तोकुजिरो पांघरुणात तोंड खुपसून म्हणाला, आणि पाठोपाठ दुसरी शिंक पांघरुणातच उडवून मोकळा झाला.

मित्सुएला वाईट वाटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या घरातल्या गादीत धूळ आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. सासू म्हणाली नव्हती, आणि ती बाई काहीही म्हणू शकत असे. सकाळी उठून तिने नेमाप्रमाणे पहिला वाफाळता भात देव्हाऱ्यातल्या पूर्वजांपुढे ठेवला, उदबत्ती लावली, पाठ म्हटला, आणि मग दोन्ही गाद्या उचलून थेट पडवीच्या कठड्यावर नेऊन टाकल्या. ऊन स्वच्छ पडलं होतं, वारा सुटला होता. समोरच्या हात्सुयोच्या पडवीवरही तिची फुलाफुलांची गादी वाळत होती, पलीकडच्या घरांवरही गाद्या होत्या. सगळी वाडी कशी उन्हाला बसल्यासारखी दिसत होती. मित्सुएने वेताचा झोडपा घेतला आणि गादी अशी बडवली की डोंगरातून प्रतिध्वनी आला.

संध्याकाळी तिने गाद्या आत घेतल्या तेव्हा त्यांना उन्हाचा वास येत होता. "आज बघा कशी झोप लागते," ती म्हणाली.

त्या रात्री तोकुजिरो क्षणभरही झोपला नाही.

आता शिंक म्हणजे काही चोरी नव्हे. दुसऱ्या कोणाला आली असती तर त्याने ती खुशाल देऊन टाकली असती. पण तोकुजिरोची गोष्ट वेगळी होती. वाडीच्या समोरचा अख्खा उतार देवदारांनी भरलेला होता, आणि दर वसंतात त्या देवदारांवरून परागाचा पिवळा धूर उठायचा. खालच्या शहरांत लोक तोंडाला फडकी बांधून, डोळे चोळत फिरायचे. तोकुजिरो मात्र पडवीत उभा राहून त्या धुराकडे बघायचा आणि म्हणायचा, "कसे भरात आलेत बघ!" परागाची बाधा हा शहरी लोकांचा लाड आहे, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत त्याने वाडीच्या प्रत्येक बैठकीत मांडलं होतं, कधी कधी विषय पाण्याच्या नळाचा असतानाही. एकदा त्याची मुलगी चिझुरू नागोयाहून आली ती तोंडाला मास्क लावून. "आजोबांनी लावलेल्या झाडांसमोर तोंड झाकतेस?" म्हणून त्याने तिला तो काढायला लावला. तेव्हापासून चिझुरू माहेरी यायची ती फक्त शरदात.

लढाई संपली तेव्हा तो उतार बोडका होता. लाकूड लढाईने नेलं, उरलंसुरलं चुलींनी. मग एका पावसाळ्यात डोंगराचा चिखल खाली आला आणि भाताची खाचरं गिळून बसला. त्यानंतर वाडीतलं जे माणूस चालू शकत होतं ते रोपं लावायला डोंगरावर गेलं. तोकुजिरो बापामागे कुदळ घेऊन जायचा. मित्सुए तेव्हा दोन वेण्यांची पोर होती. पाठीवरच्या टोपलीत रोपं घेऊन ती चढायची, आणि तोकुजिरो नेमका तिच्याच टोपलीतून रोप उचलायचा. बाकीच्यांच्या टोपल्या रिकाम्याच असतात असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा बाप प्रत्येक रोपाभोवतीची माती पायाने दाबायचा आणि वाकून सांगायचा, "नीट उभा राहा हं, बाळा." दुपारी सगळे एका रांगेत बसून उमेचं खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे खायचे. खाली बघितलं की चिखलाची खाचरं दिसायची, आणि समोर गुडघ्याएवढी हिरवी रोपं. त्यांच्याकडे बघून पोट भरल्यासारखं वाटायचं. नाहीतर एका गोळ्याने कोणाचं भरतंय?

तर तो उतार. आणि यंदा खालच्या गावच्या कचेरीने कळवलं होतं, की हा उतार तोडावा, त्या जागी पराग न उडवणारी दुसरी झाडं लावू, वाडीने एकमताने काय ते सांगावं. डोंगरदेवीच्या पूजेच्या दिवशी, पूजा झाली की तिथेच ठरवायचं होतं. पूजेची प्रार्थना वाचायचा मान वडील माणूस म्हणून तोकुजिरोचा. माझा श्वास चालू आहे तोवर कुऱ्हाड लागू देणार नाही, असं त्याने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आता नेमका श्वासच चालत नव्हता.

"हे परागाचं तर नाही ना हो?" मित्सुएने एकदा भीत भीत विचारून पाहिलं.

"मला?" तोकुजिरो लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला. "ती झाडं मी लावलीत. कोणी आपल्या बापाला चावतं का?"

मग मित्सुए पुन्हा तो विषय काढायला गेली नाही. धूळ तर धूळ. तिने गाद्या रोज उन्हात घालायला सुरुवात केली. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. जितका वारा जास्त तितकी ती खूश. उशा घातल्या, रजया घातल्या, नवऱ्याचे रात्रीचे कपडेही कठड्यावर टांगले. आणि जितकं जास्त वाळवावं तितक्या त्याच्या रात्री वाईट जायला लागल्या. नाक दगडासारखं बंद, घसा खाजतोय, डोळ्यांतून पाणी. पाठीवर झोपला तर श्वास अडायचा, कुशीवर झोपला तर एक नाकपुडी उघडायची, आणि ती उघडली म्हणून आनंद व्हायच्या आत शिंक यायची.

मित्सुएने माहेरचे उपाय काढले. कांद्याची पात भाजून फडक्यात गुंडाळून त्याच्या गळ्याला बांधली. त्याने घरभर नूडलच्या दुकानासारखा वास सुटला, नाक मात्र सुटलं नाही. साके, म्हणजे तांदळाची दारू, गरम करून त्यात अंडं फेटून दिलं. ते तोकुजिरोला फार आवडलं, त्याने पुन्हा मागून घेतलं आणि मग गाणं म्हणत जागा राहिला. शेवटी त्याचा त्यालाच शोध लागला, की न्हाणीघरात गरम पाण्याच्या लाकडी टबात बसलं की वाफेने नाक मोकळं होतं. तेव्हापासून तो गळ्यापर्यंत पाण्यात बसून, डोकं कडेला टेकून डुलक्या घ्यायला लागला. मित्सुए बाहेर चुलीपाशी बसून सरपण सारायची आणि अधूनमधून हाक मारायची.

"अहो, बुडाला नाहीत ना?"

"बुडालो असतो तर सांगितलं असतं."

सकाळी त्याची बोटं सुकवलेल्या मुळ्यासारखी दिसायची. दिवसभर तो ताठ मानेने वाडीत फिरायचा. शिंक आली की खांबाकडे तोंड करून खांब तपासल्यासारखं करायचा.

पूजा जवळ आली तशी मित्सुएची घालमेल वाढली. तिला झाडांची काळजी होतीच, पण त्याहून काळजी नवऱ्याची होती. न झोपलेला माणूस प्रार्थना कशी म्हणणार? आणि देवीसमोर, सगळ्यांसमोर शिंका सुरू झाल्या तर उताराची बाजू कोणत्या तोंडाने मांडणार? एका पहाटे देव्हाऱ्यापुढे बसून तिने हात जोडले आणि मनाशी बोलली, ह्यांना एक रात्र नीट झोप लागेपर्यंत मी चहा घेणार नाही. तिच्या आईने मोठा भाऊ लढाईवर गेला तेव्हा असाच चहा सोडला होता. मित्सुएला चहा म्हणजे जीव की प्राण. म्हणून तर सोडण्यात अर्थ होता.

व्रताचं कोणाला सांगायचं नसतं. पण हात्सुयो त्याच दिवशी लोणच्याची वाटी घेऊन आली. मित्सुएने तिला चहा ओतला आणि स्वतःच्या पेल्यात गरम पाणी.

हात्सुयोची नजर पाण्यावर पडली. "चहा नाही घेत?"

"नको वाटतोय आज."

"तुला? चहा नको?" हात्सुयोने लोणच्याची वाटी खाली ठेवली. "मित्सुए, कोणासाठी सोडलास गं?"

"छे, कोणासाठी नाही."

तेवढ्यात तोकुजिरो आतून पाणी प्यायला आला. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, नाकाचा शेंडा सोललेला. त्याने हात्सुयोला नमस्कार केला, तिच्या मागे उघड्या दारातून दिसणाऱ्या उताराकडे बघितलं, त्याचे डोळे भरून आले, आणि तो घाईघाईने आत निघून गेला. आतून एक दाबलेला, गुदमरलेला आवाज आला.

हात्सुयोने आपला पेला बाजूला सारला. मग मित्सुएच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आम्हाला रात्री ऐकू येतं गं. न्हाणीघरातून."

"ऐकू येतं?" मित्सुएने आतल्या दाराकडे बघितलं. "कोणाला सांगू नकोस हं, हात्सुयो. त्यांना फार लागेल."

"मी? माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं, की तोकुजिरो देवदारांसाठी रात्र रात्र रडतो. घरात बायकोसमोर रडता येत नाही म्हणून बिचारा टबात बसून रडतो. मित्सुएने तर चहा सोडला आहे.

मग माणसं यायला लागली. कोणी गोड वाटणातले भाताचे गोळे आणले, कोणी बांबूचे कोंब. येणारा प्रत्येक जण आधी तोकुजिरोच्या डोळ्यांकडे बघायचा आणि मग स्वतःच्या पायांकडे. हात्सुयोचा नवरा किन्साकु म्हणजे तोकुजिरोचा रोपं लावायच्या दिवसांपासूनचा दोस्त. तो कधी कोणाला धीर देणाऱ्यातला नव्हता. पण तोही आला, खोकला, आणि तोकुजिरोच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तोकु, मोकळं व्हावं रे माणसाने. लाज कसली त्यात?"

"कसली लाज?" तोकुजिरो बिथरला.

"नाही... आपलं... होतं असं एखाद्याला."

"मला काही होत नाही!"

"नाही नाही. कुठे काय होतंय?" किन्साकुने मान खाली घातली आणि निघून गेला.

"सगळ्यांना कळलंय," तोकुजिरो बायकोला म्हणाला. "हसतायत मला मनातल्या मनात. गोळे आणून देतात आणि हसतात."

मित्सुएने एक गोळा तोंडात टाकला. गोळे मात्र चांगले होते.

पूजेची सकाळ स्वच्छ उजाडली, आणि वारा असा की देवदार नुसते धुमसत होते. डोंगरदेवी बायकांवर जळते, म्हणून बायका दगडी देवळापर्यंत जात नाहीत. मित्सुए, हात्सुयो आणि इतर जणी रश्शाची पातेली घेऊन खालच्या वळणावर थांबल्या. वर देवळापुढे साके मांडलेली होती, तांदळाच्या वड्या होत्या, आणि देवीला आपल्याहून कुरूप कोणी बघायला मिळावं म्हणून वाळवलेला, भयंकर तोंडाचा एक मासाही होता. सगळे पुरुष मान झुकवून उभे राहिले. तोकुजिरोने टाळी वाजवली आणि प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

मित्सुए जपमाळ मुठीत घट्ट धरून ऐकत होती. पहिले शब्द नीट आले. मग आवाज किंचित वर चढला. मग मध्येच थांबला. झाडांतून वाऱ्याचा एक झोत आला, पिवळा धूर तोकुजिरोच्या अंगावरून गेला, आणि इतक्या रात्री गिळलेल्या सगळ्या शिंका जणू एकदम परत आल्या. ती शिंक ऐकून देवळामागचे कावळे उडाले. त्या माशाचंसुद्धा तोंड जागचं हललं असं नंतर कोणी कोणी सांगितलं. एकीमागून एक, तोकुजिरो शिंकतच राहिला. शेवटी दम लागून तो देवळाच्या पायरीला धरून उभा राहिला.

कोणी हललं नाही.

"तोडा," तोकुजिरो म्हणाला.

"काय?" किन्साकुने विचारलं.

"तोडा म्हणतोय हा उतार. मला परागाची बाधा झालीय. जन्मभर लोकांना नावं ठेवली, आता मलाच झाली. झोप नाही, काही नाही. माझ्या एकट्याच्या हट्टापायी तुम्हीही उगाच कशाला... कळवून टाका कचेरीला." आणि तो झाडांकडे पाठ करून उभा राहिला.

किन्साकु बघतच राहिला. "म्हणजे तू रडत नव्हतास?"

"रडायला मला काय झालंय?"

"अरे, हात्सुयो म्हणाली, टबातून रात्रभर हुंदके ऐकू येतात!"

सगळ्या पुरुषांनी खालच्या वळणाकडे बघितलं. हात्सुयो पातेल्याचं झाकण उघडून रस्सा ढवळायला लागली.

"हे बघ तोकु," किन्साकुचा आवाज चढला, "एक वसंत नाक वाहिलं तर लगेच तोडा? इथे आम्ही इतकी वर्षं उशीत तोंड खुपसून शिंकतोय..."

तो थांबला. पण फार उशिरा थांबला.

"इतकी वर्षं काय?" तोकुजिरो वळला.

किन्साकुने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि शिंकला. त्याच्या शेजारचा शिंकला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी, बराच वेळ धरून ठेवल्यासारखा, अगदी समाधानाने शिंकला. बघता बघता देवळापुढे अशी दाणादाण उडाली, की देवीलाही कोणाचा नमस्कार कुठला ते कळलं नसेल.

"तुम्ही सगळे?" तोकुजिरो पुटपुटला. "मला कोणी सांगितलं नाही?"

"तुला कसं सांगायचं रे?" किन्साकु डोळे पुसत म्हणाला. "तुझ्या बापाने लावलीत. तू त्यांची नावं घेतोस पोरांसारखी. तू पडवीत येऊन 'कसे भरात आलेत' म्हणायचास, आम्ही 'हो' म्हणायचो आणि घरात जाऊन गोळी घ्यायचो."

"गोळी?"

किन्साकुने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. मग दुसऱ्याने काढलं. तिसऱ्याने अंगरख्याच्या बाहीतून काढलं. थोड्याच वेळात देवदारांखाली कोणती गोळी बरी यावर जोरात वाद सुरू झाला. पांढरीने झोप येते, पिवळीने येत नाही पण तोंड कोरडं पडतं, आणि थेंब टाकायचे असतील तर झोपायच्या आधी, असं एकाने हातवारे करून समजावलं.

"आणि गाद्या?" तोकुजिरोला आठवलं. "गाद्या तर रोज बाहेर घालता की सगळे! परागात!"

आता खालून हात्सुयोला राहवलं नाही. "त्या दाखवायच्या हो, तोकुसान! तुम्हाला बरं वाटावं म्हणून. झोपायच्या गाद्या घरातच वाळतात, खिडक्या लावून."

मित्सुएच्या हातातून पळी पातेल्यात पडली. "हात्सुयो! ती फुलाफुलांची?"

"माझ्या सासूची ती. आतून कापूस केव्हाच गेलाय तिचा."

"तिच्याकडे बघून मी रोज घालत होते गं! दोन्ही बाजूंनी! बडवत होते!"

"आम्ही म्हणायचो ना, मित्सुए केवढी धीट," हात्सुयो म्हणाली.

हसू आधी बायकांत फुटलं आणि मग वर चढत गेलं. तोकुजिरो तेवढा हसला नाही. "मग तर तोडायलाच हवा," तो म्हणाला. "सगळ्यांनाच त्रास आहे म्हटल्यावर..."

"गप रे!" किन्साकु म्हणाला. "एवढ्या शिंका मी फुकट घालवू? त्या कोपऱ्यातली रोपं माझ्या आईने लावलीत. पाठीवर माझा धाकटा भाऊ बांधून लावलीत. हा उतार तोडायचा म्हणणारा तू कोण?"

"मी लावला..."

"तू वाकडी लावलीस सगळी. टोपलीवाल्या पोरीकडे बघत बघत. सरळ आहेत ती आमची."

मित्सुएने मान खाली घातली. ह्या वयात कान तापतात हे तिला नव्यानेच कळलं.

वाडीने एकमताने ठरवलं, की उतार राहील. एकच माणूस विरोधात होता, त्याला बाकीच्यांनी बोलू दिलं नाही. मग तोकुजिरोने अर्धी राहिलेली प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली, आणि मागे सगळे नाकं ओढत उभे राहिले. प्रार्थना संपल्यावर बापाने शिकवलं होतं तसं तो जवळच्या खोडापाशी वाकला. काय बोलला ते खालपर्यंत ऐकू आलं नाही.

त्या रात्री त्याने किन्साकुची पांढरी गोळी घेतली. मित्सुएने गाद्या दुपारीच ओल्या फडक्याने पुसून आतल्या खोलीत वाळवल्या होत्या. तो आडवा झाला आणि काहीतरी सांगता सांगता वाक्याच्या मध्येच झोपला. मित्सुए थोडा वेळ त्याचा श्वास ऐकत राहिली. आत जात होता, बाहेर येत होता. मग तीही झोपली.

तो उठला तेव्हा ऊन चटईवर आलं होतं. मित्सुएचा पाठ झाला होता, आणि ती दोन्ही हातांत पेला धरून, डोळे मिटून चहा घेत बसली होती. त्याने तिचा पेला संपू दिला. मग पडवीच्या बंद काचेतून त्याने समोर बघितलं. देवदार वाऱ्यावर हलत होते, पिवळा धूर उन्हात सावकाश वर चढत होता.

"अगं, माळ्यावर आईची एक जुनी गादी होती ना?"

"आहे की. का हो?"

"काढ. बाहेर कठड्यावर घालू."

"आता कशाला?" मित्सुए हसली. "आता कोणाला दाखवायची राहिलीय? सगळ्यांना सगळं कळलंय."

तोकुजिरोने उतारावरच्या देवदारांकडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"त्यांना कुठे कळलंय?"